कुतरओढीत कुत्रा आहे का?

'कुतरओढ' हा शब्द आपण सगळेच वापरतो. घर, नोकरी, सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या परीक्षा, यात माझी तर रोजच होते. काल नववीतल्या मुलीने विचारलं, "आई, यात कुत्रा आहे का गं?" मी म्हटलं, नसावा, 'कुरतडणे'वरून आला असेल. पण सांगताना माझीच खात्री नव्हती. जाणकारांनी सांगावं. कुत्र्यावरून आलेले आणखी शब्द असतील तर तेही लिहा, तिला प्रकल्पाला उपयोगी पडतील.

*

ताई, मुलगी बरोबर आहे. कुत्र्याचं जुनं आणि खेड्यातलं रूप 'कुतरा', त्याला 'ओढ' जोडली की झाली कुतरओढ. मेलेलं जनावर किंवा एखादी चिंधी दोन-चार कुत्र्यांच्या तोंडात सापडली की जो तो आपल्या बाजूला ओढतो. तुमच्या जागी ती चिंधी ठेवून बघा, म्हणजे अर्थ नीट कळेल. कुरतडण्यावरून आला असेल असं वाटणं साहजिक आहे, पण उंदीर कुरतडतो, ओढत नाही. शब्दाचा दुसरा अर्धा भागच साक्ष देतो. शिवाय 'लांडगेतोड' हा त्याचा सख्खा भाऊ शेजारी उभा आहे. तिथे लांडगा दिसतो म्हणून कोणी शंका घेत नाही, इथे 'कुतर' झाल्यामुळे कुत्रा दिसेनासा झाला, एवढंच.

आता 'कुत्रा' हाच शब्द घ्या. याला संस्कृतात सरळ बाप सापडत नाही. प्राकृतात 'कुत्त' आहे, त्याचा हिंदीत कुत्ता झाला. आपल्याकडे आणि गुजरातीत (कूतरो) मात्र शेवटी 'र' चिकटला. संस्कृतातला शब्द 'श्वन्', त्याची रूपं श्वा, श्वानौ, श्वानः आणि षष्ठीत शुनः. 'कुक्कुर' आणि 'कुर्कुर'ही आहेत, ते आवाजावरून पडलेले.

'श्वन्' हा फार जुना शब्द. ग्रीकमधला 'कुओन', लॅटिनमधला 'कानिस', जर्मनमधला 'हुंड' हे सगळे याच घराण्यातले. लॅटिन कुत्र्यावरून कॅनरी बेटांना नाव पडलं आणि बेटांवरून तिथल्या पिवळ्या पक्ष्याला. म्हणजे पिंजऱ्यातली कॅनरी नावाने कुत्र्याची नातेवाईक. मुलीला हे नक्की आवडेल.

पण खरी गंमत 'श्वापद' शब्दात आहे. श्वा अधिक पद, म्हणजे ज्याचे पाय कुत्र्यासारखे आहेत तो. हिंस्र श्वापद म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर वाघ येतो आणि त्या वाघाची ओळख कुत्र्याच्या पायावरून करून दिलेली असते! उलट मराठी माणूस दारातल्या कुत्र्याचं नाव ठेवतो वाघ्या. जेजुरीला तर खंडोबाचे वाघ्ये देवाचे कुत्रे होऊन भुंकतात आणि कोटंब्यात भिक्षा घेतात. वाघाला कुत्र्याचा पाय आणि कुत्र्याला वाघाचं नाव, अशी ही फिटंफाट.

ऋषींच्या नावांतही कुत्रा आहे. शुनक म्हणजे कुत्रा, त्याच्या कुळातला तो शौनक. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्ताच्या तीन मुलांची नावं आहेत शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलाङ्गूल. तिन्हींचा अर्थ फिरून एकच, कुत्र्याचं शेपूट. (मधल्या नावाचा एक चावट अर्थही होतो, तो प्रकल्पात घालू नये.) शंभर गाईंच्या बदल्यात बापाने बळी द्यायला विकला तो हाच मधला. तेव्हा मुलाला असं नाव ठेवण्यात कोणाला कमीपणा वाटत नसावा.

*

आमच्याकडे कुत्र्याला 'सुणें' म्हणतात. मी मूळचा फोंड्याचा, आता डोंबिवलीत असतो. इथे कोणाला सांगितलं तर हसतात, म्हणतात ही कोकणी कुठून काढली. वरचं 'शुनक' वाचून वाटलं, आमचं सुणें तिथलंच की काय?

*

तिथलंच. शुनक, प्राकृतात सुणअ, मग सुणें. आणि हसणाऱ्यांना सांगा, जुन्या मराठीतही 'सुणें' होतं. नंतर घाटावर कुत्र्याने त्याला हुसकावून लावलं, कोकणीने सांभाळलं. डोंबिवलीकरांपेक्षा तुमचा शब्द जास्त खानदानी आहे.

*

'धोबी का कुत्ता'बद्दल कोणी लिहिलं नाही अजून. व्हॉट्सॲपवर वाचलं की मूळ शब्द कुत्ता नसून 'कुतका' आहे, म्हणजे कपडे बडवायचं लाकडी दांडकं. ते जड असतं म्हणून धोबी घरीही नेत नाही, घाटावरही ठेवत नाही, वाटेत कुठेतरी लपवतो. म्हणून 'धोबी का कुतका, न घर का न घाट का'. हे पटण्यासारखं आहे. धोब्याला कुत्रा कशाला हवा, त्याच्याकडे तर गाढव असतं!

*

हा फॉरवर्ड मलाही वर्षातून दोनदा येतो आणि दर वेळी पाठवणारा वेगळा असतो. गोष्ट चांगली रचली आहे, पण तुलसीदासांपुढे टिकत नाही. कवितावलीत त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे, 'धोबी कैसो कूकर, न घर को न घाट को'. कूकर म्हणजे कुक्कुर, म्हणजे कुत्राच. दांडक्याला कोणी कूकर म्हणत नाही. तुलसीदास 1623 साली गेले, म्हणजे निदान चारशे वर्षं तरी या म्हणीत कुत्राच आहे. 'कुतका' हा शब्द खरा, मराठीतही सोटा या अर्थाने आहे, पण या म्हणीशी त्याचा संबंध नाही.

आणि अर्थाच्या बाजूनेही बघा. दांडकं कुठे पडलंय याचं दांडक्याला काय सुखदुःख? धोबी घाटावर गेला की कुत्रा त्याच्यामागे घाटावर, तो घरी आला की मागोमाग घरी, आणि पोटाला धड कुठेच नाही. ही वणवण जिवंत प्राण्याचीच असू शकते. मला वाटतं, म्हणीत कुत्रा असणं लोकांना खालचं वाटतं, म्हणून त्याला तिथून हाकलायची ही धडपड आहे. पाणिनीलाही हे सुटलं नाही. त्याने एकाच सूत्रात श्वन्, युवन् आणि मघवन्, म्हणजे कुत्रा, तरुण आणि इंद्र यांना बसवलं. त्यावर कोणीतरी श्लोक केला. काच, रत्न आणि सोनं एकाच दोऱ्यात ओवणाऱ्या मुलीला विचारतात, हे काय विचित्र? उत्तर येतं, सर्वज्ञ पाणिनी एका सूत्रात कुत्रा, तरुण आणि इंद्र ओवतो ते चालतं का? व्याकरणात तिघांची रूपं सारखी चालतात, पाणिनीला तेवढंच बघायचं होतं.

*

'तुझे हाल कुत्रा खाणार नाही' असं आजी रागावून म्हणायची. हाल ही काय खायची वस्तू आहे?

*

नाही, पण म्हणणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. 'हाल' अरबीतून फारसीमार्गे आला. तिकडे त्याचा अर्थ नुसती अवस्था, 'हालहवाल'मध्ये तो अजून तसाच आहे. मराठीत एकटा आला की तो अनेकवचनी होतो आणि वाईटच असतो. कुत्रा उकिरड्यावरचं काहीही खातो, त्यानेही तोंड लावू नये इतकी वाईट दशा, असं आजीचं म्हणणं. 'त्याला कुत्रं विचारत नाही' हे त्याचंच सौम्य रूप.

*

'पिसाळणे'पण घ्या ना. हिंदीत सरळ पागल कुत्ता, आपला मात्र पिसाळलेला.

*

चांगली आठवण. 'पिसा' म्हणजे वेडा, त्याचं मूळ पिशाच. अंगात भूत शिरल्यासारखा झालेला तो पिसाळलेला. संतांच्या तोंडी देवाचं 'पिसें' लागतं ते हेच, फक्त तिथे ते हवंहवंसं असतं. संस्कृतात अशा कुत्र्याला 'अलर्क' असा स्वतंत्र शब्द आहे आणि सुश्रुतसंहितेत त्याच्या विषाची चर्चा आहे. आता बातमीत 'रेबीजग्रस्त' लिहितात. ते अचूक आहे, पण पिसाळलेला म्हटल्यावर पोरं जशी धूम ठोकतात तशी त्या शब्दाने ठोकणार नाहीत.

बातम्यांवरून आठवलं. पोलिसांकडे असतं ते 'श्वानपथक', पाळणारे ते 'श्वानप्रेमी', आणि चावतं ते मात्र 'मोकाट कुत्रं'. बॉम्ब हुंगणारा 'कुत्रा' मी अजून कुठल्या मथळ्यात वाचला नाही. भूछत्रांचंही तेच. खायची असली की ती अळंबी, नसली की कुत्र्याची छत्री.

*

सगळ्यांचे आभार. मुलीने वहीत उतरवून घेतलं आणि आता नवीनच शंका काढली आहे. 'कुत्री आली' म्हटलं तर एक मादी आली की पाच-सहा कुत्री आली, हे कसं ओळखायचं?

*

'कुत्रा' पुल्लिंगी, 'कुत्री' स्त्रीलिंगी, 'कुत्रं' नपुंसकलिंगी. स्त्रीलिंगाचं एकवचन आणि नपुंसकाचं अनेकवचन दोन्ही 'कुत्री', आणि क्रियापदही दोन्हीकडे 'आली'च. वाक्यावरून कळत नाही, ताई. दार उघडून बघावं लागतं.