एडिसन–पुणे: दागिन्यांचा विमा कुठला, कुठे चालतो?

सायली_एडिसन
न्यू जर्सीत घर आहे आणि कोथरूडला फ्लॅट, तो वर्षातला बराच काळ बंदच. डिसेंबरात लग्नासाठी साधारण २५ तोळे (ठुशी, मोहनमाळ, पाटल्या, तोडे, मोत्यांची नथ) न्यायचे आणि परत आणायचेत. इथल्या होमओनर्स पॉलिसीत सामानाला जगभर कव्हर आहे असं एजंट म्हणतो. तेवढ्यावर भागेल का? आणि लग्नात जे नवीन मिळेल त्याचं काय?

क्लेमवाला
नाही भागणार. नेहमीच्या एचओ-३ (अमेरिकेतली सर्वसाधारण होमओनर्स) पॉलिसीत चोरीला गेलेल्या दागिन्यांची भरपाई सगळे मिळून १,५०० डॉलरवर थांबते. काही कंपन्या थोडी वाढवून देतात, पण २५ तोळ्यांपुढे ते चिल्लरच.

त्याहून वाईट कलम दुसऱ्या घराचं आहे. तुमच्याच दुसऱ्या घरातून चोरी झाली, तर तुम्ही त्या काळात तिथे राहत असलात तरच ती धरतात. कोथरूडला मुक्काम आहे तोवर ठीक. दागिने तिथल्या कपाटात ठेवून एडिसनला परतलात की कव्हर संपलं. शिवाय नुसतं 'हरवलं' मूळ पॉलिसीत बसत नाही, चोरी झाल्याचं दिसावं लागतं. आणि नथ, कुडी चोरीपेक्षा हरवतातच जास्त.

म्हणून प्रत्येक दागिना पॉलिसीत स्वतंत्र नोंदवा (शेड्यूल करा), किंवा वेगळी 'पर्सनल आर्टिकल्स' पॉलिसी घ्या. हप्ता साधारण वर्षाला किमतीच्या एक-दोन टक्के. यात बहुधा हरवणंही धरतात आणि डिडक्टिबल (क्लेममधला आपण सोसायचा वाटा) नसतं. भरपाई 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू'ने (आधीच ठरवलेल्या पूर्ण रकमेने) आहे का, हे एजंटकडून लेखी घ्या. नसेल, तर दुरुस्ती, बदली आणि नोंदवलेली रक्कम यांतलं जे कमी ते हातात पडतं. जोडीचं कलमही वाचा: एक तोडा गेला म्हणून जोडीचे पैसे मिळतीलच असं नाही.

नवे दागिने कळवायला अशा पॉलिसीच्या प्रचलित फॉर्ममध्ये ३० दिवस असतात. तेवढ्यात कळवलं, तर मधल्या काळात नोंदवलेल्या दागिन्यांच्या एकूण रकमेच्या २५ टक्के किंवा १०,००० डॉलर, यांतलं कमी तेवढं कव्हर मिळतं. आधीचं काहीच नोंदवलेलं नसेल तर ही सवलतही नाही. लग्नाच्या धांदलीत महिना कसा जातो कळत नाही, तेव्हा फोटो आणि पावती तिथूनच एजंटला मेल करा.

सराफकट्टा
व्हॅल्युएशनबद्दल, म्हणजे विम्यासाठी सराफाकडून घ्यायच्या किमतीच्या दाखल्याबद्दल. पुण्याच्या दाखल्यावर नुसते 'तोळे' लिहून घेऊ नका. कोणी ११.६६ ग्रॅम धरतं, कोणी १०. २५ तोळ्यांत हा फरक चाळीस ग्रॅमच्या वर जातो. एकूण वजन, खडे-मोती-लाख वजा करून निव्वळ वजन आणि कॅरेट हे वेगवेगळं लिहून घ्या. आपल्याकडचा दाखला बहुतेकदा धातूच्या भावाचा असतो, पण तसाच दागिना परत घडवायचा तर मजुरी आणि जीएसटीही लागतात. विम्याला ती रक्कम हवी. मोत्यांच्या नथीत किंमत मोत्यांची असते, तेव्हा तिचं व्हॅल्युएशन मोती ओळखणाऱ्याकडूनच करा. सोनं ज्या वेगाने चढलंय त्यात तीन वर्षांपूर्वीचा दाखला म्हणजे निम्मा विमा. नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (हॉलमार्कचा त्या दागिन्यापुरता क्रमांक) असतो, त्याचा जवळून फोटो ठेवा.

दोन_गावं
प्रवासात सगळं केबिन बॅगेत. चेक-इन बॅगेत दागिने नकोत असं एअरलाइनच्या अटींतच असतं. माँट्रियल करारानुसार (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचा करार) २८ डिसेंबर २०२४ पासून सामानाच्या भरपाईची मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर (नाणेनिधीचं हिशोबी चलन), म्हणजे साधारण २,००० डॉलर. केबिन बॅग दाराशी काढून घेतली, तर दागिन्यांची पिशवी आधी बाहेर काढा. सिक्युरिटीला बाजूच्या खोलीत तपासणी मागता येते.

कस्टम्स: वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्या बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २० ग्रॅम दागिने शुल्काविना आणता येतात. २५ तोळे घेऊन ग्रीन चॅनेलने (जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांची रांग) जाऊ नका, रेड चॅनेलला सांगा. जप्ती झाली तर बऱ्याच पॉलिसी ती धरत नाहीत. हेच दागिने पूर्वी भारतातून नेताना एक्स्पोर्ट सर्टिफिकेट (दागिने भारतातूनच नेल्याचा कस्टम्सचा दाखला) घेतलं असेल तर ते सोबत ठेवा. या वेळी परतताना तरी कस्टम्सकडून घ्याच. अमेरिकेत शिरताना जुन्या दागिन्यांसाठी पॉलिसीची प्रत किंवा व्हॅल्युएशन दाखवता येतं. नवे मात्र जाहीर करा, सवलत माणशी ८०० डॉलरची.

माझं मत विचाराल तर पाटल्या खऱ्या घाला, मोहनमाळ एक ग्रॅमची न्या. फोटोत कोणाला कळत नाही.

सायली_एडिसन
खूप आभार. आणि थोडे पुण्यातच बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले तर?

क्लेमवाला
फ्लॅटपेक्षा उत्तम, पण लॉकर म्हणजे विमा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमाने आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पट. भाडं ३,००० तर ३ लाख. आजच्या भावात किती तोळे बसतात ते बघा. फ्लॅटसाठी भारत गृह रक्षा (भारतातली प्रमाणित घरविमा पॉलिसी) घेतली असेल तर लक्षात ठेवा, ती मुळात आग-पूर वगैरेची आहे. निव्वळ घरफोडीला वेगळं कव्हर लागतं, आणि त्यात 'घर किती दिवस बंद' ही अट आधी वाचा.

चोरी झालीच तर पोलिसांच्या ऑनलाइन 'लॉस्ट' (वस्तू हरवल्याच्या) नोंदीवर थांबू नका, एफआयआर करा आणि परतीच्या विमानाआधी तिची प्रत घ्या.