मदत हवी आहे: गच्चीवरचा चक्रव्यूह ३ फेऱ्यांचा की ७?

दादरच्या सोसायटीत ध्यानगटाला चालत ध्यान करण्यासाठी एकाच वाटेचा (फाटे नसलेला, केंद्राभोवती फेऱ्या घेत आत नेणारा) चक्रव्यूह आखायचा आहे. जागा साडेपाच बाय साडेपाच मीटर. वॉटरप्रूफिंगमुळे रंग चालणार नाही, फक्त खडू किंवा टेप. ७ फेऱ्यांना वाटेच्या रुंदीच्या साधारण १५ पट जागा लागते. ३५ सेंमीची वाट धरली तर बसतो, पण ज्येष्ठांचा तोल जातो, जाणारे-येणारे समोरासमोर अडकतात. मग मधे फुली आणि तिच्या चार कोपऱ्यांत ठिपके काढून, त्यांची टोकं कमानींनी जोडत ३ फेऱ्यांचा आखला, वाट ६० सेंमी. चालायला छान! मात्र केंद्र लगेच येतं, 'आत जाताना सोडत जाणं', म्हणजे मनातले विचार बाजूला ठेवत चालणं, हा टप्पा उरकल्यासारखा होतो. शिवाय चक्रव्यूह म्हटलं की अभिमन्यू आठवतो, केंद्र सापळा वाटतं. ३ फेऱ्या ठेवून आतली चाल कशी लांबवावी? आणि इथली वाट चुकवत नाही, अडकवतही नाही, हे सुरुवातीला थोडक्यात कसं सांगता?