लॉनखालची स्प्रिंकलर यंत्रणा ठेवावी की कायमची बंद करावी?

ऋतुरंग : नव्याने घेतलेल्या घराबरोबर लॉनखाली पुरलेली तुषार सिंचनाची यंत्रणाही आमच्याकडे आली आहे. तिचे पाच झोन, म्हणजे वेगवेगळे पाणी देता येणारे लॉनचे भाग, असून प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह आहे. तीन झोन व्यवस्थित चालतात, एक उघडतच नाही आणि उरलेल्या एकाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसल्याने तिथली माती कायम चिखलासारखी राहते. दुरुस्तीवर खर्च करावा, की मूळ जोडणी तोडून रबरी नळीने पाणी घालावे, याविषयी घरात एकमत होत नाही.

मृद्गंध : माझ्या मते ठेवावी. या यंत्रणेतले सर्वांत कष्टाचे काम म्हणजे चर खणून पाइप पुरणे, आणि ते झालेले आहे. पीव्हीसी पाइप जमिनीखाली कित्येक दशके टिकतात. बिघडतात ते व्हॉल्व्हमधले रबर, व्हॉल्व्ह विजेने उघडणारी कॉइल आणि फवारे, आणि हे सगळे न खणता बदलता येते. बंद न होणाऱ्या व्हॉल्व्हचे झाकण उघडून पाहा : बहुतेक वेळा रबरी पडद्याखाली वाळूचा एखादा कण अडकलेला असतो किंवा पडद्याची कड चिरलेली असते. न उघडणाऱ्या झोनमध्ये आधी तारांचे जोड तपासा, कारण ओलाव्याने ते हिरवे पडून गंजतात. मग मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजा. २४ व्होल्टच्या कॉइलचा रोध साधारणपणे २० ते ६० ओहम असतो. काहीच वाचन आले नाही, तर कॉइल तुटलेली आहे.

जलसाक्षर : दुरुस्ती शक्य आहे म्हणून ती करावीच, हे मला पटत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. लॉनला आठवड्याला २५ मिलिमीटर द्यायचे ठरवले, तर १०० चौरस मीटरला २,५०० लिटर लागतात, तेही केवळ गवत हिरवे दिसावे म्हणून! स्थिर फवारे तासाला ३५ ते ४० मिलिमीटर पाणी टाकतात. चिकण माती एवढ्या वेगाने ते शोषूच शकत नाही, त्यामुळे बरेचसे पाणी फरशीवरून वाहून जाते. झोन ठरल्या वेळी चालू-बंद करणारा टायमर मात्र पाऊस पडत असतानाही आपली वेळ पाळतो. नळी हातात धरणाऱ्याला माती भिजलेली दिसते आणि तो थांबतो.

मृद्गंध : तो थांबतो, हे गृहीत धरणे धाडसाचे आहे, चालू नळी गवतावर टाकून माणूस दुसऱ्या कामाला लागतो, हेही तितकेच खरे आहे. पाऊस ओळखणारा सेन्सर बसवून टायमरचा दोष दूर होतो. वाहून जाण्यावर उपाय म्हणजे वीस मिनिटे सलग पाणी न देता पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या कराव्यात आणि मध्ये पाणी मुरू द्यावे. शिवाय पहाटे वारा आणि बाष्पीभवन कमी असताना पाणी देणे टायमरला जमते, रोज उठून माणसाला जमत नाही. झोनमध्ये सारख्या आकाराची सरळ कडांची भांडी ठेवून पंधरा मिनिटांत किती पाणी साठते ते मोजावे. एका भांड्यात दुसऱ्याच्या दुप्पट पाणी आले, तर दोष फवाऱ्यांच्या मांडणीत किंवा दाबात आहे.

वनराई : आपण दोघेही लॉन आहे तेवढेच राहणार असे धरून बोलत आहात. ज्या भागावर कोणी बसत नाही की खेळत नाही, तिथे झुडपे लावून त्या झोनच्या व्हॉल्व्हला दाबनियंत्रक आणि गाळणी जोडून ठिबक नळ्या टाकता येतात. एक बाब कुणीच मांडली नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते : ही यंत्रणा पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीला जोडलेली असेल, तर उलटा प्रवाह रोखणारे उपकरण असलेच पाहिजे. बाहेरचा दाब अचानक घटला, तर खत आणि मातीचे पाणी मागे घरात ओढले जाऊ शकते. ते उपकरण नसेल किंवा निकामी असेल, तर ते बसवेपर्यंत यंत्रणा चालवू नये.

जलसाक्षर : हे मान्य आहे, आणि म्हणूनच बंद करतानाही नुसता टायमर काढून भागत नाही. मुख्य वाहिनीपाशी जोडणी तोडून तिथे पक्के बूच बसवले पाहिजे. पाइप मात्र जमिनीतच राहू द्यावेत, उपसताना झाडांची मुळे तुटतात. तरीही माझा आग्रह कायम आहे : वापरात नसलेल्या गवताला थेंबही देऊ नये. अनेक जातींचे गवत कोरड्या दिवसांत पिवळे पडून सुप्तावस्थेत जाते आणि पाऊस येताच पुन्हा फुटते.

ऋतुरंग : घरातले सर्व नळ आणि टायमर बंद ठेवून पाण्याचा मीटर पाहिला, काटा हळूहळू फिरत होता. यंत्रणेची मुख्य चावी बंद करताच तो थांबला.

मृद्गंध : म्हणजे गळती यंत्रणेतच आहे. आधी तो चिखलाचा व्हॉल्व्ह दुरुस्त करून मीटर पुन्हा पाहा. त्यानंतरही काटा फिरला, तर व्हॉल्व्हच्या अलीकडचा, सतत दाबाखाली असणारा पाइप फुटलेला असण्याची शक्यता मोठी आहे. तो बराच लांब आणि फरशीखाली असेल, तर मीही ठेवा असे म्हणणार नाही. व्हॉल्व्हच्या पलीकडची गळती या चाचणीत दिसत नाही, त्यासाठी एकेक झोन चालवून लॉनवरून फिरावे लागेल.

ऋतुरंग : तोपर्यंत मुख्य चावी बंदच ठेवतो. मागच्या बाजूच्या दोन झोनमधले गवत कोणीच वापरत नाही, तेव्हा तिथे झुडपे आणि ठिबक, हे मात्र आजच ठरवले.