मदत हवी आहे: तळघराच्या खिडक्यांबाहेरचे खड्डे मृगाआधी कसे झाकावेत?

नमस्कार.

कोल्हापुरात टाकाळ्याच्या चढावर आमचे जुने घर आहे. त्याच्या तळघराला दोन खिडक्या असून त्या जमिनीच्या पातळीखाली असल्यामुळे प्रत्येकीबाहेर चार फूट लांब, अडीच फूट रुंद आणि चार फूट खोल असा दगडी बांधणीचा खड्डा सोडलेला आहे. माझे वडील तळघरात आजही हाताने वह्या आणि रजिस्टरे बांधतात. शिवण घालायला त्यांना दिवसाचा उजेड लागतो आणि कागदाला व खळीला कोरडी हवा; दोन्ही या खड्ड्यांतूनच येतात. त्यामुळे खिडक्या बुजवण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली तरी नदीचे पाणी आमच्यापर्यंत चढत नाही. आम्हाला त्रास आहे तो उतारावरून वाहत येणाऱ्या पाण्याचा आणि छपराच्या पागोळ्यांचा. गेल्या जुलैत सलग झड लागली असताना एका खड्ड्यातले पाणी खिडकीच्या चौकटीपर्यंत चढले, फटीतून आत झिरपले आणि भिंतीलगत रचलेल्या कागदाचे खालचे गठ्ठे भिजून गेले. सकाळी मी डब्याने पाणी उपसून तळाशी हात घातला, तेव्हा निचऱ्याच्या जाळीवर गुलमोहराच्या बारीक पानांचा भिजलेल्या घोंगडीसारखा जाड थर बसलेला होता. तो ओढून काढताच उरलेले पाणी गळगळत खाली गेले. पाऊस जास्त झाला हे खरे, पण माझ्या मते मुख्य दोष त्या थराचा, म्हणजे आमच्याच हयगयीचा होता.

त्यानंतर ताडपत्री बांधून पाहिली. तिच्या मधोमध पाणी साचून झोळ पडला आणि हवा कोंडल्यामुळे आतल्या भिंतीला घाम सुटून चार दिवसांत खळीवर बुरशी आली. नुसत्या लोखंडी जाळीने मांजरे अडतात, पाऊस आणि पाने अडत नाहीत.

आता शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारागिराकडून अँगलची चौकट करून त्यावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा बसवण्याचा विचार आहे. पत्र्याला घराकडून बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, बाजूंना चार इंचांची फट ठेवून तिला बारीक जाळी लावायची आणि खड्ड्याच्या कडेला सहा इंच उंच कठडा बांधायचा, म्हणजे जमिनीवरचे पाणी आत शिरणार नाही. तापमान चाळीस अंशांनी बदलले, तर हा पत्रा मीटरमागे सुमारे अडीच मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो. त्यामुळे स्क्रूची भोके सैल ठेवायची आणि उन्हापासून संरक्षण देणारी बाजू वर ठेवायची, एवढे समजले आहे.

मला खरी काळजी आहे ती दोन गोष्टींची. पहिली म्हणजे अंगणात मुले खेळतात. एखादे मूल पत्र्यावर चढले तर त्याचा भार पेलण्यासाठी खाली सळ्यांची जाळी द्यावीच लागेल, पण सळ्यांमध्ये किती अंतर ठेवले म्हणजे वडिलांचा उजेड फारसा अडणार नाही? दुसरी अधिक गंभीर आहे. तळघराला जिना एकच आहे. आग लागली तर बाहेर पडायला या खिडक्याच उरतात. अमेरिकेत सुटकेच्या खिडकीबाहेरचा असा खड्डा ४४ इंचांपेक्षा खोल असेल, तर त्यात कायमची शिडी किंवा पायऱ्या लागतात. आमचा खड्डा ४८ इंच खोल आहे. म्हणून झाकण आतून कुलपाशिवाय, एका हाताने उचलता यायला हवे, पण चोराला ते बाहेरून उघडता येता कामा नये. अशी कडी किंवा बिजागरी कोणी बसवून घेतली आहे का?

ताजी भर: इथे सुचवल्याप्रमाणे दोन्ही खड्ड्यांत दोन-दोन बादल्या पाणी ओतून पाहिले. एका खड्ड्यातले पाणी पाहता पाहता गेले. ज्या खड्ड्यातून पाणी आत शिरले होते, त्याला मात्र जाळी साफ असूनही चाळीस मिनिटे लागली. म्हणजे खालचा पाइपही गाळाने भरला असावा. गवंड्याच्या मते तळ फूटभर खणून खडी भरली की पुरे, फक्त खडीची पातळी खिडकीच्या चौकटीखाली अर्धा फूट राहिली पाहिजे. पण खडीतले पाणी पायालगतच मुरणार, ही शंका मला स्वस्थ बसू देत नाही. घर चढावर असल्यामुळे नवा पाइप उताराने कुंपणापर्यंत नेऊन उघड्यावर सोडता येईल. अंगणाची अठरा फूट फरशी त्यासाठी उखडावी लागेल. ज्यांनी असे काम करून घेतले आहे, त्यांनी पाइप किती व्यासाचा आणि किती उताराने टाकला, हे कृपया सांगावे. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले आहेत आणि गवंडी सोमवारी येणार आहे.