प्रतिसाद: सहीपूर्वी जोखीम कागदावर यावी
दुखापतीतून परतणाऱ्या बास्केटबॉलपटूने मिळेल त्या रकमेवर सही करावी, हे मत मला मान्य नाही. जानेवारी २०१८ मध्ये टाचेचा अकिलीस स्नायुबंध फाटलेल्या अमेरिकी बास्केटबॉलपटू डिमार्कस कझिन्सने त्याच वर्षी गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाशी अवघ्या सुमारे ५३ लाख डॉलरचा एकाच वर्षाचा करार केला. याउलट फिलाडेल्फियाच्या संघातील जोएल एम्बीडच्या २०१७ च्या पाच वर्षांच्या मोठ्या करारात, पाय किंवा पाठीच्या जुन्या दुखण्यामुळे तो बराच काळ खेळाला मुकल्यास संघाला त्याला कमी पैशांत मुक्त करता येईल, अशी तरतूद होती. आमच्या वर्धा जिल्ह्यातील आर्वीकडे कापसाचा ओलावा पाहून भाव ठरतो, तशी एम्बीडच्या करारात जोखीम ठरवली गेली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतणाऱ्या आपल्या कबड्डीपटूंनीही उपचाराचा खर्च कोणाचा आणि तंदुरुस्तीचा निर्वाळा कोणता डॉक्टर देणार, हे आधी लिहून घ्यावे. रकमेची बोलणी त्यानंतर करावीत.