मदत हवी आहे: सांध्याच्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजताना गोंधळ

रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या (सांधे सुजवणारा संधिवात) रुग्णाच्या गुडघ्यातलं पाणी, ईडीटीए (गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीत. पांढऱ्या पेशी मोजण्याआधी नमुना पातळ करायचं नेहमीचं डब्ल्यूबीसी फ्लुइड वापरलेलं नाही. त्यातल्या ॲसेटिक ॲसिडने हायलुरोनिक ॲसिडच्या (सांध्याच्या पाण्याला चिकटपणा देणारा घटक) दह्यासारख्या गुठळ्या होतात, पेशी त्यात अडकतात आणि काउंट खोटाच कमी येतो. म्हणून ०.९ टक्के सलाइनने १:२० पातळ केलं, पेशी रंगवायला मिथिलीन ब्लूचा थेंब, आणि मोजणी न्यूबाउर चेंबरमध्ये (पेशी मोजायची चौकटी आखलेली काच).

काउंट आला फक्त १,८०० प्रति मायक्रोलिटर. या आजारात साधारण २,००० ते ५०,००० अपेक्षित. स्मिअरमध्ये (काचेवर पसरून रंगवलेला नमुना) न्यूट्रोफिल, म्हणजे दाहात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मात्र ७० टक्के! शिवाय पिपेटच्या टोकाला लांब तार सुटते, म्हणजे पाणी घट्ट आहे. न्यूट्रोफिलांची एन्झाइम्स हायलुरोनिक ॲसिड तोडतात, मग पाणी पातळ नको का? चेंबरमध्येही पेशींचे पुंजके दिसतात, त्यामुळे संशय काउंटवरच.

हायलुरोनिडेज (हायलुरोनिक ॲसिड तोडणारं एन्झाइम) घालून पाणी आधी पातळ करायला कुणी वापरतं का? एक मिली पाण्याला किती, ३७ अंशांवर किती वेळ? नंतर स्मिअरमध्ये पेशी नीट ओळखू येतात का?