मदत हवी आहे: जुन्या कपड्यांची ट्रंक संग्रहालयात आणतोय, कसर कशी रोखावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या माडीवर दोन खोल्यांचं वस्तुसंग्रहालय आहे, रविवारी मी ते बघते. गावातल्या एक आजी सासरची पत्र्याची ट्रंक देतायत. आत जरीकाठी शालू, रेशमी उपरणं, दोन लोकरी शाली आणि एक सुती बाराबंदी. ट्रंक त्यांच्या ओसरीवरच उघडून पाहिली. शालीच्या घडीत वाळूसारखे कण, भोकांभोवती बारीक जाळं, आणि तांदळाच्या दाण्याहून लहान, तपकिरी, केसाळ काती.

चार वर्षांपूर्वी एक घोंगडी आम्ही कौतुकानं थेट दालनात टांगली होती. पावसाळा सरेपर्यंत शेजारच्या कपाटातल्या शालीची चाळण झाली. ज्यांनी ती विश्वासानं दिली त्यांना तोंड दाखवणं जड गेलं. पुन्हा तसं नको.

समितीत म्हणतात, दोन दिवस ऊन दाखवा, डांबराच्या गोळ्या टाका. माझं मन घेत नाही. आइस्क्रीमवाल्यांचा रिकामा डीप फ्रीझर मिळतोय. जरीचा शालू त्यात चालेल का?

प्रतिसाद

ताई, ओसरीवरच उघडलीत, फार बरं केलंत. आता ट्रंक माडीवर नेऊच नका.

ऊन नको. रेशमाचा रंग उडतो, धागा कमजोर होतो आणि घडीच्या आतली अंडी वाचतात ती वाचतातच. गोळ्यांची वाफ तुम्हालाच बाधेल.

फ्रीझर उत्तम. उणे ३० अंशांना तीन दिवस पुरतात, पण आइस्क्रीमचा फ्रीझर साधारण उणे १८ ते २० असतो, तेव्हा पूर्ण दोन आठवडे ठेवा. आत थर्मामीटर हवाच. प्रत्येक कपडा बिनखळीच्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीनं बंद करा. फ्रीझर ठासून भरू नका. थंडी हळूहळू उतरली तर अळ्या तिला सरावतात. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, दव बाहेरच्या बाजूला धरू द्या. पिशवी घट्ट असेल तर जरीला धोका नाही. काचमणी किंवा रंगवलेलं काही असेल तर मात्र आधी जाणकाराला दाखवा. बाराबंदीही ठेवा. लोकर-रेशीम हे अळ्यांचं खरं खाद्य, पण घामाचे, तुपाचे डाग असले की सुतीही कुरतडतात.

नंतर काही आठवडे पारदर्शक पिशवीत, पांढऱ्या कागदावर ठेवा. नवे कण पडले तर लगेच दिसतील. थंडीनं आतले किडे मरतात, पुढचे अडत नाहीत. केसाळ अळ्यांचे पुढे भुंगेरे होतात आणि ते फुलांतले परागकण खातात, म्हणून सत्काराचे हार दालनात आणू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार! हार तर आम्ही दरवेळी आतच ठेवतो. एकच विचारते, ट्रंकेच्या तळाला जुनं वर्तमानपत्र चिकटलंय. खरवडून टाकू का?

प्रतिसाद

थांबा. आधी फोटो काढा, तारीख दिसते का बघा. ट्रंक कधी भरली याचा तो धागा असू शकतो. कागद सैल असेल तर तोही पिशवीत घालून फ्रीझरमध्ये. चिकटलेला असेल तर तसाच राहू द्या, आणि ट्रंक वेगळ्या खोलीत.